आधी सभासद, मग इमारत

नव्या टॉवरच्या कारभारात फ्लॅटधारकांचे खरे प्रतिनिधित्व का नसते, याचा विचार बहुधा मॅनेजिंग कमिटीच्या निवडणुकीपासून सुरू होतो. माझ्या मते दुखणे त्याहून जुने आहे. १९०४ च्या सहकार कायद्यात फक्त पतसंस्थांना जागा होती. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढण्याची मुभा दिली आणि तीनच वर्षांत, १९१५ साली, रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिथे आधी सभासद एकत्र आले, मग त्यांची घरे उभी राहिली. इमारती संस्थेच्या आणि संस्था सभासदांची, त्यामुळे खर्चाचा जाब विचारण्याचा हक्क बांधकामाच्या आधीच हाती होता.

स्वातंत्र्यानंतर हा क्रम उलटला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाड्याने देण्यासाठी चाळी-इमारती बांधणे परवडेनासे झाले आणि ‘ओनरशिप’चा फ्लॅट बाजारात आला. आता बिल्डर जमीन मिळवणार, नकाशा ठरवणार, एकेका अनोळखी ग्राहकाला फ्लॅट विकणार आणि सोसायटी सर्वांत शेवटी होणार. त्यातून फसवणुकीच्या इतक्या तक्रारी आल्या की १९६० मध्ये सरकारने समिती नेमली आणि १९६३ मध्ये ‘मोफा’ म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. संस्था नोंदवण्याइतके ग्राहक झाले की ठरलेल्या मुदतीत बिल्डरने नोंदणीसाठी अर्ज करावा, ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांचे वेगळे खाते ठेवावे आणि जमीन-इमारतीचे कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, संस्थेला करून द्यावे, असे तो सांगतो. कायदा चांगलाच होता, पण त्याने उलटा क्रम तसाच ठेवून फक्त मुदती घातल्या. ज्याला ताबा सोडायचा त्याच्याच हाती अर्ज राहिला, आणि जमीन नावावर असेपर्यंत वाढीव चटईक्षेत्राचा लाभ त्यालाच मिळण्याची आशा असल्याने त्याला घाई नव्हती. परिणामी राज्यात असंख्य सोसायट्यांमध्ये रीतसर कमिटी निवडून येते, सर्वसाधारण सभा होते, ऑडिट होते, पण प्रॉपर्टी कार्डावर नाव दुसऱ्याचेच असते. पुनर्विकासाची वेळ आली की या कमिटीला आपण काय ठरवू शकत नाही ते कळते. बिल्डरच्या सहीवाचून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ मिळवण्याची कायदेशीर वाट २००८ च्या दुरुस्तीने खुली झाली. मूळ कायद्याला तेव्हा ४५ वर्षे झाली होती. स्टिल्टमधली पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकण्याचा हक्क बिल्डरला नाही, हे ठरायलाही दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावदेवीची संस्था एका ज्ञातीची होती, माणसे एकमेकांना ओळखत होती. चाळीस मजल्यांवरच्या परक्या माणसांना तो नमुना कसा लागू पडेल? ज्ञातीची ती चौकट आज कुणी मागू नये, मीही मागत नाही. पण तिथल्या सभासदांना हिशेब मागता येत होता तो संस्था आधी असल्यामुळे. ओळखीने विश्वास वाढला असेल, हक्क दिला नाही. दुसरे असे म्हणतात की लिफ्ट, अग्निशमन, सांडपाणी प्रक्रिया यांचे तंत्र आता इतके अवघड आहे की ते हौशी सचिव-खजिनदारांना झेपणार नाही. खरेच आहे, व्यवस्थापन कंपनी नेमावीच लागेल. मात्र तिला नेमणारा आणि काढू शकणारा कोण, हा प्रश्न तंत्राने सुटत नाही. सोसायटी नसताना बिल्डर तिला नेमतो आणि तिचे बिल फ्लॅटधारकांनी आगाऊ भरलेल्या मेंटेनन्समधून जाते. सभेला कोणी येत नाही ही तक्रारही खरी, पण पहिली काही वर्षे ज्यांना विचारलेच जात नाही त्यांना पुढे सभेची सवय कुठून लागणार?

२०१६ च्या रेरा कायद्याने घड्याळ बरेच मागे आणले. बहुसंख्य घरांचे बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था व्हावी, असे तो सांगतो. म्हणजे इमारत पुरी होण्याआधीही. १९१५ च्या क्रमाच्या इतके जवळ आपण पूर्वी आलो नव्हतो. मात्र अनेक टॉवरांच्या संकुलात जमीन, पोडियम, क्लबहाऊस, पाण्याच्या टाक्या सामायिक असतात आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे सर्व सोसायट्यांच्या शिखर संस्थेची मुदत शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर सुरू होते. बांधकाम टप्प्याटप्प्याने चालते, तेव्हा पुढच्या टॉवरांसाठी जमीन हाताशी हवी, हे बिल्डरांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. बांधकामाचा हक्क त्यांच्याकडे जरूर राहावा. पण सामायिक खर्चाचे हिशेब आणि देखभालीचे करार यांवर पहिल्या टॉवरच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची सही त्यांच्या निवडीच्या दिवसापासून बंधनकारक करायला जमीन हस्तांतरित होण्याची वाट पाहावी लागत नाही. नियमांत ही दुरुस्ती आता व्हायला हवी.