पियानोतील डॅम्पर : स्वररोधाचा इतिहास आणि दुरुस्तीचा प्रश्न

पियानोचा इतिहास सामान्यतः हातोडीच्या अनुषंगाने सांगितला जातो. तार छेडण्याऐवजी तिच्यावर आघात करण्याची युक्ती फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील कारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने साधली, व १७०० च्या दरबारी यादीत या वाद्याची नोंद आहे. मात्र उमटलेला स्वर थांबवायचा कसा, हा प्रश्न अभ्यासकांकडून बराचसा उपेक्षित राहिला. तारेवर टेकून तिचे कंपन रोखणारा डॅम्पर क्रिस्तोफोरीच्या रचनेतही होता. पट्टी दाबताच तो उचलला जाई व सोडताच पुन्हा तारेवर बसे.

सर्व डॅम्पर एकदम उचलण्याची सोय अठराव्या शतकात प्रथम हाताच्या खटक्याने, पुढे गुडघ्याने व अखेरीस पायाने होऊ लागली. स्टाइनच्या पियानोतील या गुडघ्याच्या तरफेची मोझार्टने १७७७ च्या पत्रात प्रशंसा केली आहे. १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग डॅम्पर उचललेले ठेवून वाजवावा, अशी बेथोव्हेनची सूचना आहे. तत्कालीन व्हिएन्नाच्या वाद्यात तारा बारीक व चौकट लाकडी असल्याने स्वर लवकर विरत. आजच्या लोखंडी चौकटीच्या पियानोवर तीच सूचना अक्षरशः पाळल्यास स्वरांचा नुसता गलबला होतो.

डॅम्परच्या दुरुस्तीचा विचार याच संदर्भात करावा लागतो. आधुनिक ग्रँड पियानोत डॅम्परची तार कापडाचे अस्तर लावलेल्या छिद्रातून खाली जाते. दमट हवेने हे अस्तर फुगले की तार अडकते व स्वर वाजतच राहतो. तार किंचित वाकली तरी फेल्ट तिन्ही तारांवर सारखे टेकत नाही आणि एखादी तार मागे गुणगुणत राहते. म्हणून कारागीर प्रत्येक डॅम्पर तारांच्या सरळ रेषेत आणतो व पेडल दाबताच सर्व डॅम्पर एकाच क्षणी उचलले जातात की नाही हे पाहतो. सर्वांत वरच्या सुमारे दीड सप्तकाला डॅम्पर नसतातच, कारण तेथील आखूड तारांचा स्वर आपोआप विरतो.

जुन्या वाद्यांबाबत मात्र हे कौशल्यच घातक ठरू शकते. इंग्लिश पियानोंचे डॅम्पर हलके असत. पट्टी सोडल्यावरही स्वर क्षणभर रेंगाळे. व्हिएन्नाच्या वाद्यांत तो चटकन तुटे. हे रेंगाळणे दोष समजून अशा इंग्लिश पियानोला जाड आधुनिक फेल्ट बसविल्यास स्वर स्वच्छ होतो खरा, परंतु त्या काळच्या वादकाच्या कानी नेमके काय पडत होते याचा पुरावा नष्ट होतो. मूळचे कातडे वा कापड जीर्ण झाले असले तरी त्याचे मोजमाप व नमुना जपल्याविना ते बदलणे समर्थनीय नाही.