गरोदरपणातील नैराश्य : गोळी बंद करण्यापूर्वी

गरोदरपण हा आनंदाचा काळ, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. त्यामुळे गर्भवती सतत खिन्न दिसू लागली, तर 'डोहाळे आहेत, होईल बरे' असे म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. प्रत्यक्षात नैराश्य गरोदरपणातही उद्भवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि सुमारे १३ टक्के नवमातांना मानसिक विकार, मुख्यत्वे नैराश्य, जडते. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ आणि १९.८ टक्के आहे. गोव्यात २७० मातांच्या पाहणीत (२००२) प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि बिघडलेले वैवाहिक संबंध यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला.

लक्षणे
थकवा, झोपमोड, भुकेतील बदल हे गरोदरपणातही असतातच. अंधेरी वा बोरिवलीहून लोकलच्या गर्दीतून नोकरीला जाणाऱ्या स्त्रीला तर थकवा येणारच. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस न वाटणे, अपराधीपणाची भावना, बाळाविषयी अनास्था किंवा मरणाचे विचार असतील, तर तो केवळ थकवा नव्हे. अशा वेळी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे, कारण त्यांच्या कमतरतेची लक्षणे अशीच असतात. १९८७ साली तयार झालेली 'एडिनबरा' ही दहा प्रश्नांची चाचणी प्राथमिक चाळणीसाठी उपयोगी पडते. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते.

उपचार
सौम्य नैराश्यात समुपदेशन व मानसोपचार यांवर प्रथम भर दिला जातो. मध्यम व तीव्र नैराश्यात, किंवा पूर्वी आजार वारंवार उलटला असल्यास, औषधांचा विचार करावा लागतो. 'एसएसआरआय' गटातील सर्ट्रालिनसारख्या औषधांचा अनुभव मोठा आहे. कोणताही गर्भदोष शंभरांतील दोन-तीन बाळांत औषधाविनाही आढळतो; या गटातील बहुतेक औषधांमुळे त्यात मोठी भर पडते असे दिसलेले नाही. पॅरॉक्सेटिनबाबत मात्र हृदयदोषाच्या शंकेवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये इशारा दिला होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत औषध घेतल्यास काही नवजात बाळे काही दिवस चिडचिडी वा थरथरती राहतात. हा त्रास बहुधा आपोआप ओसरतो. नवजाताच्या फुप्फुसातील रक्तदाब वाढण्याचा धोका किंचित वाढतो, पण तो दुर्मीळच राहतो. सर्ट्रालिन आईच्या दुधात अत्यल्प उतरते, त्यामुळे स्तनपान सहसा थांबवावे लागत नाही.

मनःस्थितीच्या विकारांवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध मात्र वेगळे. त्याने गर्भाच्या मेंदूला व मज्जारज्जूला गंभीर इजा होऊ शकते. ते घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

अचानक बंद का करू नये
चाचणी सकारात्मक येताच घाबरून गोळी सोडणाऱ्या स्त्रिया अनेक. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात औषध बंद केलेल्या ६८ टक्के गर्भवतींचा आजार उलटला. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. या स्त्रियांचा आजार मुळात गंभीर होता, म्हणून हे आकडे सर्वांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण उपचाराविना राहिलेले नैराश्यही निरुपद्रवी नसते: आहार व तपासण्यांकडे दुर्लक्ष होते, अकाली प्रसूतीचा धोका वाढतो आणि क्वचित आत्महत्येपर्यंत वेळ येते. म्हणून तुलना 'औषध की निर्धोक गरोदरपण' अशी नसून 'औषधाचा धोका की आजाराचा' अशी करावी.

कोठे जावे
पालिका रुग्णालयात प्रसूतिपूर्व तपासणीसाठी नाव नोंदवतानाच मानसिक त्रास व चालू गोळ्या सांगाव्यात. पश्चिम उपनगरांतील स्त्रियांना जुहूचे कूपर, तर मुलुंड-घाटकोपरकडील स्त्रियांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय सोयीचे; तेथे स्त्रीरोग व मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. मरणाचे विचार असल्यास मात्र तिला एकटे न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे.

माहेरी जाताना
पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यानंतर गावी जाण्याची प्रथा आहे. उपचाराचा धागा नेमका येथेच तुटतो. निघण्यापूर्वी औषधाचे नाव, मात्रा व पुढील तारखा लिहिलेली चिठ्ठी घ्यावी आणि ती प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. त्या काळात पती व सासर-माहेरच्या माणसांनी आईची झोप आणि औषध या दोहोंची काळजी घ्यावी. बाळाचे वजन विचारणाऱ्यांनी आईचे मनही विचारावे.