लिंबं गेली, कर गेले

जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा मोनॅको श्रीमंत कसा? मी म्हणतो, तो आधी कंगाल झाला म्हणून! करांना कंटाळून लिंबू-ऑलिव्ह पिकवणारी मांतों आणि रोकब्रून ही गावं १८४८ मध्ये फुटली. १८६१ मध्ये ४० लाख फ्रँकांच्या मोबदल्यात ती फ्रान्सकडे गेली. बहुतेक मुलूख गेला, उत्पन्न आटलं. मग तिसऱ्या शार्लने १८६३ मध्ये कॅसिनो फ्रान्स्वा ब्लां या व्यावसायिकाकडे सोपवला. १८६८ मध्ये रेल्वे आली, गिऱ्हाईक वाढलं. १८६९ मध्ये प्रत्यक्ष कर रद्द झाले. मोनॅकोच्या प्रजेला मात्र तिथे खेळायला मनाई! हरायचं ते परक्यांनी. आज जुगाराचा वाटा किरकोळ आहे; तिजोरीचा मोठा आधार मूल्यवर्धित कर. पण करांपायी मुलूख गमावल्याचा धडा तो देश विसरला नाही, असं मला वाटतं.