युद्धपटातील माणसे : दिसलेली आणि न दिसलेली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण इतिहासाची गोडी लहानपणापासूनची. म्हणून दुसऱ्या महायुद्धावरील दोन चित्रपटांविषयी चार शब्द लिहीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

१९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पाडाव केला. पुढे फ्रान्सची जी नवी फौज उभी राहिली, तिचा मोठा भाग आफ्रिकेतील वसाहतींतून आला होता. अल्जीरिया, मोरोक्को, सेनेगल अशा मुलखांतील गरीब घरांची ही मुले. त्यांतल्या कितीतरी जणांनी फ्रान्स कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. ते आधी इटलीत लढले. १५ ऑगस्ट १९४४ रोजी ही फौज फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली, तूलाँ व मार्सेय ही बंदरे सोडविली आणि ऐन थंडीत आल्सासपर्यंत पोचली. परंतु फ्रान्सच्या युद्धपटांत या शिपायांना पुढे क्वचितच जागा मिळाली.

ती उणीव २००६ साली ‘अँदिजेन’ या चित्रपटाने भरून काढली. ‘अँदिजेन’ म्हणजे मूळ रहिवासी. वसाहतीतल्या लोकांना राज्यकर्ते याच नावाने ओळखत. दिग्दर्शक रशीद बुशारेब यांचा जन्म पॅरिसचा, आईबाप अल्जीरियाचे. माझ्या मुलीने शेजारी बसून खालची अक्षरे वाचून दाखविली, म्हणून मला तो समजला. त्यात जहाजावरचा एक प्रसंग आहे. जेवणाच्या रांगेत गोऱ्या शिपायांना टोमॅटो मिळतात, काळ्या शिपायाला मिळत नाहीत. तेव्हा अब्देलकादर नावाचा अल्जीरियन कॉर्पोरल ते टोमॅटो बुटाखाली चिरडून टाकतो. मरणात वाटा सारखा आणि ताटात मात्र दुजाभाव! आपण बायकांना ताटातला भेद लगेच कळतो. दुसऱ्या एका शिपायाचे फ्रेंच मुलीवर प्रेम असते. त्यांची पत्रे लष्कराचे अधिकारी मध्येच अडवितात. त्या वर्षी कान येथील महोत्सवात उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक या चित्रपटातील पाच नटांना मिळून देण्यात आले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या, तेव्हा १९५९ च्या कायद्याने तेथील माजी सैनिकांची पेन्शन आहे तेथेच गोठविली गेली. फ्रेंच सैनिकांची वाढत गेली, यांची वाढली नाही. चित्रपट प्रदर्शित होत असतानाच, सप्टेंबर २००६ मध्ये, अध्यक्ष शिराक यांच्या सरकारने लढाईची व अपंगत्वाची पेन्शन सर्वांना सारखी करण्याचे जाहीर केले. सुमारे ८०,००० वृद्ध सैनिकांचा हा प्रश्न होता. मागची थकबाकी मात्र दिली नाही, आणि कितीतरी जण तोवर वारले होते.

येथवर वाचून कोणालाही समाधान वाटेल. मात्र स्त्री म्हणून मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मे १९४४ मध्ये इटलीत कासिनोची आघाडी फुटल्यावर, रोमच्या दक्षिणेकडील गावांत याच फ्रेंच फौजेतील मोरोक्कन शिपायांनी स्त्रियांवर अनन्वित अत्याचार केले. ‘अँदिजेन’मध्ये त्याचा उच्चार नाही. तो आहे व्हित्तोरिओ द सिका यांच्या १९६० सालच्या ‘ला चोचारा’ या इटालियन चित्रपटात. त्यात रोमहून जीव वाचवायला निघालेल्या मायलेकींवर एका पडक्या देवळात हा प्रसंग ओढवतो. आईची भूमिका करणाऱ्या सोफिया लॉरेन यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. पण त्या चित्रपटात मोरोक्कन शिपायाला ना नाव, ना घर, ना आई.

म्हणजे एका चित्रात शिपाई दिसतो, त्या बाया दिसत नाहीत. दुसऱ्यात बाया दिसतात, शिपाई केवळ राक्षस म्हणून येतो. शिपायांवरचा अन्याय खरा, आणि त्या मायलेकींचे दुःखही खरे. एकाने दुसरे पुसले जात नाही. काहींच्या पापामुळे सगळ्या मोरोक्कन शिपायांना दोषी धरणे जसे अन्यायाचे, तसेच शिपायांच्या हक्कासाठी त्या बायांना गप्प बसविणेही अन्यायाचेच.

त्याच इटलीत आपली मराठी माणसेही लढली. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नामदेव जाधव यांना तो १९४५ च्या पराक्रमाबद्दल मिळाला. ही दोन नावे तरी राहिली. ज्यांना पदक मिळाले नाही त्यांची, आणि त्यांच्यामागे घर सांभाळणाऱ्या बायकांची नावे कोण सांगणार?

माझी एकच सूचना आहे. आपल्या आळीत ज्यांच्या घरातून कोणी युद्धावर गेले असेल, त्यांच्याकडील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी पुढच्या स्मरणिकेत छापाव्यात. चित्रपट काढणे आपल्या हाती नाही; वही-पेन्सिल आहे.