लाइट गेली आणि बीबीसी लागलं

रेडिओचा इतिहास सांगणारे बहुतेक जण स्टेशनांबद्दल बोलतात. आज जरा सेलबद्दल.

रिसोडला आजोबांची संध्याकाळ म्हणजे शॉर्टवेव्हवरची बीबीसी हिंदी. २०१० च्या दिवाळीत ती नीट लागेना, नुसती घरघर. मी पुण्याहून आलेला इंजिनियर नातू. लगेच लूप अँटेना करायला बसलो. तांब्याच्या तारेचं मीटरभर रुंद कडं आणि त्याला छोटा अ‍ॅम्प्लिफायर. असं कडं लहरींमधलं चुंबकीय क्षेत्र पकडतं. त्यातून येणारा सिग्नल फार नाजूक, म्हणून तो वाढवावा लागतो. त्यासाठी १२ व्होल्ट हवेत. मी भिंतीतल्या प्लगला अ‍ॅडॉप्टर लावला. बीबीसीचा आवाज वाढला, पण घरघर त्याहून जास्त!

"अरे, हे तर अजून बिघडलं," आजोबा म्हणाले. तेवढ्यात लोडशेडिंग. अ‍ॅम्प्लिफायर बंद.

कोपऱ्यावरून आठ पेन्सिल सेल आणले. प्रत्येकी दीड व्होल्ट, झाले १२. जोडले आणि काय सांगू, समोर बसून बोलावं तशा बातम्या! म्हटलं, गल्लीतलं सगळंच बंद आहे, म्हणून असेल. पण तासाभराने लाइट आली तरी ती मोठी घरघर परतली नाही. म्हणजे चोर घरातच होता. असला अ‍ॅडॉप्टर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो. तो गोंगाट वायरीतून थेट अँटेनापर्यंत पोचतो. सेलला भिंतीशी काही देणंघेणंच नाही.

आजोबा हसले. "आमच्या वेळी लाइटच नव्हती. म्हणून आवाज स्वच्छ होता."

गंमत म्हणजे हे खरंय. वीज नसलेल्या गावांसाठी बॅटरीवरचे व्हॉल्व्हचे रेडिओ असत. व्हॉल्व्हची तार तापवायला साधारण दीड व्होल्ट आणि प्लेटसाठी ९० व्होल्ट, अशा दोन बॅटऱ्या लागत. जड आणि महाग. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. त्यानंतर सातच महिन्यांनी, जुलै १९४८ मध्ये, आपलं नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झालं. १९५४ मध्ये खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत विकायला आला. तापवायची तारच गेली आणि पुढे टॉर्चच्या दोन-चार सेलवर रेडिओ शेतात, बैलगाडीत, पानटपरीवर पोचला. इतका, की आपल्याकडे त्या वस्तूचंच नाव 'ट्रान्झिस्टर' पडलं. सेल उतरले की उन्हात ठेवायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते आणि अजून एखादा कार्यक्रम निघतो.

आपण वीज घराघरात आणली, ते बरंच झालं. पण तिच्यासोबत आलेला गोंगाट कोणी मोजला नाही.

३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण बंद झालं. आजोबा त्याआधीच गेले. कडं अजून रिसोडच्या माळ्यावर आहे. सेल तेवढे काढून ठेवलेत, नाहीतर गळतात.