टोला (सॉफ्टबॉल)

टोला म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये पिचरने खांद्याखालून फेकलेला चेंडू फलंदाजाने बॅट फिरवून परतवणे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा पाय जमिनीवर टेकताच कंबर पिचरच्या दिशेने वळू लागते. धड, हात आणि शेवटी बॅट तिच्यामागून येतात. हात आधी फिरल्यास कंबरेचे बळ बॅटपर्यंत पोहोचत नाही. नवशिक्यांचा मुख्य दोष हाच. बॅटला चेंडू लागताना उजवा तळवा आकाशाकडे व डावा जमिनीकडे असतो. मनगटे त्यानंतरच उलटतात. महिलांच्या सामन्यात पिचर १३.११ मीटरवर असते. ताशी १०० किमी वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. म्हणून हा क्रम केवळ सरावाने अंगवळणी पडतो.

महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉलचा समावेश आहे. नांदेड-लातूरकडील मुले त्याकडे बहुधा क्रिकेट खेळून येतात आणि उभ्या बॅटची सवय सोबत आणतात. विटीदांडूत उडालेल्या विटीला हाणलेला आडवा टोला या क्रियेस अधिक जवळचा आहे.