शब्दाचा अर्थ : ‘कसब’ म्हणजे नेमकं काय?

फोंडा : ‘कसब’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ अर्थ कमाई, मिळवणं. त्यावरून पोटापाण्याचा धंदा, आणि पुढे त्या धंद्यात हाताला आलेली सफाई. शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ‘त्याचं कसब’. ‘कसब पणाला लावणे’, ‘कसबाचं काम’, ‘कसबी कारागीर’ हे नेहमीचे प्रयोग.

माहिती सांगता येते. कसब करून करूनच अंगी येतं. फोंडा तालुक्यात सावई-वेरे, केरी भागातली कुळागरं बघितली की हा फरक चटकन कळतो. सुपारी कधी उतरवायची, हे कुणीही सांगेल. पण बारीक, उंच पोफळीवर चढायचं, घड काढायचा आणि खाली न उतरता झाड झुलवून शेजारची पोफळ पकडायची, हे कसब. कुठल्या झाडाला किती झोका सोसेल, ते तोंडाने समजावता येत नाही. नवी पोरं झाडावर चढली नाहीत, तर ते जुन्या माणसांबरोबरच जाणार.

सरकारी भाषेत आता ‘कौशल्य’ रूढ आहे. २०१४ मध्ये केंद्रात त्याचं स्वतंत्र मंत्रालयही झालं. पेपरात दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने येतात. तरी कौशल्य म्हटलं की प्रमाणपत्र आलंच. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला ‘कौशल्यधारक’ अजून कुणी म्हणत नाही.

या शब्दाला एक काळी बाजूही आहे. ‘कसबी’ पुरुष म्हणजे निपुण. स्त्रीलिंगी ‘कसबीण’ मात्र वेश्येला लावलेला शब्द, उघड शिवी. कमाई या मूळ अर्थालाच बाईच्या बाबतीत असा डाग लागला. अंत्रुज महालात देवळांच्या आश्रयाने गाणं-नाचणं पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बायकांच्या वाट्याला अशी हेटाळणी आली. केरीच्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) याच कलावंत परंपरेतल्या. त्यांना १९६९ साली पद्मभूषण मिळालं, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवर त्यांची भैरवी अवकाशात गेली. ‘कसबी गायिका’ लिहायला हरकत नाही. ‘कसबीण’ अजिबात नको.

कसबी काठातला ‘कसब’ म्हणजे जर. तो वेगळा शब्द. गाव या अर्थाचा ‘कसबा’ही वेगळा. आणि ‘कसाब’ म्हणजे खाटीक, त्यामुळे मथळ्यात एक काना जास्त पडला तर कारागिराचा खाटीक होतो.